दोर कितको लांब आसा?

मालवणच्या मासळी बाजारात मी एकदा तांडेलांना लांबून हात केला. सहजच केला. रविवारची सकाळ, हातात पिशवी, पलीकडच्या टोकाला ओळखीचा माणूस दिसला आणि हात आपोआप वर गेला. तांडेल तेव्हा एका मासेवालीशी बांगड्यांच्या ताजेपणावरून हुज्जत घालत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, उजवा हात सरळ वर केला, पंजा उघडा, आणि बांगडे जागच्या जागी सोडून ते गर्दीतून वाट काढत थेट माझ्यासमोर येऊन उभे राहिले. मागून मासेवाली त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.

“काय झाला?” त्यांनी विचारलं. त्यांना दम लागला होता.

“काही नाही. दिसलात म्हणून हात केला.”

ते माझ्याकडे बघत राहिले. राग नव्हता, पण एखाद्या शिकलेल्या माणसाला साधी गोष्ट येत नाही हे कळल्यावर चेहऱ्यावर येतं तसं काहीतरी होतं.

“सायबानू, सहज हात हलवू नये. हात हलवलो म्हंजे माणूस अडचणीत आसा.”

“आणि तुम्ही तो पंजा दाखवलात, तो कशाला?”

“तो म्हंजे, बघलंय. आता येतंय.” एवढं सांगून ते माघारी फिरले. तोवर त्यांचे बांगडे दुसऱ्याच कुणाच्या पिशवीत गेले होते. त्या दुपारी घरमालकाकडे डाळ शिजली आणि त्याचं खापर माझ्यावर फुटलं.

तांडेल माझे घरमालक. मी मोजणी खात्यातला माणूस, घाटावरून बदली होऊन मालवण तालुक्यात आलेला, आणि खाडीच्या तोंडाजवळच्या एका गावात त्यांच्या माडीवर राहणारा. तांडेल म्हणजे होडीचा म्होरक्या; सुकाणू त्याच्या हातात आणि खलाशांचे जीवही त्याच्याच हातात. त्यांना खरं नाव होतं, घरपट्टीच्या कागदावर मी ते वाचलंही होतं, पण त्या नावाने त्यांना हाक मारताना मी कुणाला ऐकलं नाही, काकींना, म्हणजे त्यांच्या बायकोलासुद्धा नाही. समुद्र सोडून त्यांना बरीच वर्षं झाली होती. का सोडला विचारलं की ते “ढोपरां गेली” म्हणायचे, आणि त्याच ढोपरांनी माडावर सरसर चढायचे. मला हे तेव्हाही चमत्कारिक वाटलं होतं. पण घरमालकाच्या गुडघ्यांची चौकशी भाडेकरूने करू नये, एवढी अक्कल मला होती.

आता माझ्याबद्दल एक गोष्ट कबूल करतो, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही. मी गाड्यांच्या शर्यतीचे व्हिडिओ गेम खेळतो. पस्तिशी उलटलेल्या, सरकारी नोकरीतल्या माणसाने हे सांगताना थोडं इकडेतिकडे बघावं लागतं. त्यातही एका गेमवर माझा विशेष जीव. त्याचा आधीचा भाग मी कॉलेजात असताना आला होता. मी नोकरीला लागल्यावर पुढचा भाग येणार, येणार, अशी घोषणा झाली, आणि आम्ही वाट बघायला लागलो. वाट बघता बघता माझ्या बरोबरीच्यांची लग्नं झाली, त्यांची पोरं शाळेत जायला लागली, माझी दोनदा बदली झाली, गेम काही आला नाही. मोबाइलवर आमचा एक ग्रुप होता. महाराष्ट्रभरातले साठ-सत्तर वाट बघणारे लोक. कंपनीने एवढंसं चित्र टाकलं तरी त्यावर दोन दिवस खल चालायचा. गाडीच्या आरशात कुठला डोंगर दिसतो, चाकाला किती नट आहेत, पाऊस काचेवरून कुठल्या बाजूला ओघळतो. घरच्यांनी टाकून दिलेल्या माणसांनी एकमेकांना धरून राहावं, तसे आम्ही धरून होतो.

तांडेल या सगळ्यात शिरले ते तक्रार करायला आले म्हणून. एका संध्याकाळी मी ऑफिसातून येऊन जुना गेम खेळत बसलो होतो. इंजिनांचा आवाज खाली ओटीवर जात होता. ते जिना चढून आले, दारात उभे राहिले, आणि तक्रार करायची विसरून टीव्हीकडे बघायला लागले. तेवढ्यात माझ्या शेजारची लाल गाडी कठड्याला आपटून उलटी झाली. मी खूश होऊन पुढे निघालो.

“रवा, रवा!” तांडेल ओरडले, म्हणजे थांबा, थांबा. “तेची गाडी उलटली!”

“तांडेल, शर्यत आहे. तो मागे पडला ते चांगलंच झालं.”

“आत माणूस आसा ना?”

“नाही हो. खेळ आहे. तीन सेकंदांनी ती गाडी गायब होते आणि परत रस्त्यावर येते.”

हे त्यांना अजिबात आवडलं नाही. गाडी उलटते, मग नाहीशी होते, मग काही झालंच नाही अशी पुन्हा धावायला लागते, ही त्यांना शुद्ध लबाडी वाटली. “मगे माणूस खंय गेलो?” असं ते मला दुसऱ्या दिवशीही विचारत होते.

पण तिसऱ्या दिवशी ते पुन्हा वर आले आणि चटईवर मांडी घालून बसले. “माका दाखवा कसा चलवतत ता,” म्हणाले. उभ्या आयुष्यात त्यांनी चार चाकांचं काही चालवलं नव्हतं. एसटीतही ते ड्रायव्हरजवळ बसत नसत, कारण करकचून ब्रेक लागला की त्यांच्या पोटात कालवायचं. समुद्रात ब्रेक नसतो, त्यामुळे थांबायचं असेल तर फार आधी ठरवावं लागतं, हे त्यांच्या हाडीमाशी भिनलेलं. वळण दिसायच्याही आधी ते वेग सोडायचे. गाडी डुलत डुलत वळणापाशी पोचायची, आणि तोवर बाकीच्या सात गाड्या डोंगराआड गेलेल्या असायच्या. “जावंदे, गडबड आसा तेंका,” असं ते म्हणायचे. खेळताना डोक्यावर टोपी लागायची. शर्यत सुरू व्हायच्या आधी ते टीव्हीतल्या आभाळाकडे नीट बघून घ्यायचे आणि पाऊस पडेल की नाही ते सांगायचे. त्यांचा अंदाज चुकला की गेम करणाऱ्यांना वाऱ्याचं काही कळत नाही, असा निकाल लागायचा.

आणि ते थांबायचे. कुठलीही गाडी आपटली, घसरली, उलटली, की हे तिच्या मागे आपली गाडी उभी करणार. तीन सेकंदांनी ती गाडी नाहीशी व्हायची आणि हे रिकाम्या रस्त्यावर उभे. मी डोक्याला हात लावायचो. एकदा तर आयता पहिला नंबर येत होता, म्हणजे बाकीचे सगळे एका बोगद्याच्या तोंडाशी एकमेकांवर आदळले होते, शेवटची रेघ समोर दिसत होती, आणि या गृहस्थांनी गाडी वळवून बोगद्याकडे परत नेली.

“अहो तांडेल, जिंकला होतात!”

“हय रवलंय तर काय जाता सायबानू? नंबरच ना?”

मला ते उत्तर त्या वेळी भोळसट वाटलं होतं.

मग नव्या गेमची झलक आली. इतक्या वर्षांनी पहिल्यांदा चालतीबोलती चित्रं, जेमतेम दीड मिनिटाची. ग्रुपवर लोक अक्षरशः वेडे झाले. नाशिकचा एक दाताचा डॉक्टर, आमच्यातला सर्वांत खडूस माणूस, त्याने म्हणे दवाखान्याचं दार लावून घेतलं आणि रडला. मी ती झलक तांडेलांना मोठ्या कौतुकाने दाखवली. बर्फातले रस्ते, वाळवंट, रात्रीची शहरं, अडीचशेच्या वेगाने धावणाऱ्या गाड्या. तांडेल निर्विकार बसले होते. शेवटी शेवटी एक घाट आला. पाऊस. रस्त्याच्या कडेला एक निळी गाडी, बॉनेट वर केलेलं, आणि पिवळा रेनकोट घातलेला एक माणूस हात हलवतोय. समोरून येणाऱ्या गाडीचा वेग कमी होतो. झालं, तिथे चित्र तुटून गेमचं नाव येतं. दोन सेकंदांचा मामला.

“रव,” तांडेल म्हणाले. “मागे घी.”

ते मला पहिल्यांदाच ‘तुमी’ सोडून बोलले. मी मागे घेतलं. त्यांनी ते दोन सेकंद वीसेक वेळा बघितले.

“ह्यो खेळ रवाचो आसा,” ते हळूच म्हणाले. “बघलंस? ती गाडी रवता. म्हंजे हेच्यात रवाक येता. दोर टाकून तेका ओढून हाडूक येता.”

तसं कुणी म्हटलेलं नव्हतं. पण नाकारलेलंही नव्हतं, आणि आम्ही वाट बघणारे लोक तेवढ्यावर वर्षं काढतो. मी ग्रुपवर लिहिलं की माझ्या घरमालकांच्या मते या भागात बंद पडलेल्या गाड्या ओढून नेता येणार. सगळे हसले. तेव्हा तांडेलांनी माझ्या हातातून फोन घेतला, तोंडाजवळ नेला, आणि बंदरावर ओरडतात तसं ओरडून एक आवाजी निरोप पाठवला: “दोर कितको लांब आसा? आणि बांधूचो खंय? फुडल्या तोंडाक बांधूक होयो. बाजूक बांधलास तर गाडी आडवी जातली. ता इचारून ठेवा!”

त्या निरोपाने ते प्रसिद्ध झाले. ‘दोरवाले काका काय म्हणतात?’ असं रोज कुणीतरी विचारायचं. कुणी त्या वाक्याचं चित्र करून टाकलं. सुरुवातीला थट्टा होती, पण त्यांनी एक गोष्ट सांगितली आणि थट्टा जरा कमी झाली. ते म्हणाले, रेनकोटवाला माणूस डाव्या हाताने खुणा करतोय आणि त्याचा उजवा हात अंगाला चिकटून आहे. त्याचा हात मोडलेला असणार. तो झलकेतला घाट शेकडो लोकांनी चौकट चौकट थांबवून पाहिला होता. चाकांचे नट मोजून झाले होते. माणसाकडे कुणी बघितलं नव्हतं. नाशिकच्या डॉक्टरने दोन दिवसांनी लिहिलं, काकांचं बरोबर आहे, हात मोडलाय. त्यानंतर दोराचा प्रश्न त्याने स्वतः इंग्रजीत करून कंपनीला पाठवला. उत्तर आलं नाही.

गेम दिवाळीला येणार होता. दिवाळीच्या तोंडावर कंपनीने काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत पत्र छापलं, की तुमच्या प्रेमाने भारावलो आहोत, पण आणखी थोडा वेळ लागेल. ग्रुपवर शिव्यांचा पाऊस पडला. तांडेलांनी मात्र पहिल्या वेळी समजुतीने घेतलं. “रवांदे. कच्ची होडी पाण्यात घातलेली बघलंय मी,” म्हणाले. मग शिमग्यानंतरची तारीख आली आणि पुन्हा काळी पाटी. आता त्यांचा तोल सुटला. “शिरा पडो तेंच्या तोंडार!” असं त्यांनी ओटीवरून ओरडून सांगितलं आणि शेजारच्या घरातले लोक कुणाचं काय बिनसलं ते बघायला बाहेर आले.

तिसऱ्यांदा पत्र आलं तेव्हा त्यांनी आरडाओरडा केला नाही. ते नुसते उठून मागीलदारी गेले आणि जाळं विणत बसले. त्यांना होडी नव्हती, तरी ते जाळी विणायचे आणि गावातल्या कुणालाही देऊन टाकायचे. त्या दिवशी ते जेवायलाही आले नाहीत. दुपारी मी पाण्याची कळशी घेऊन विहिरीवर चाललो होतो. जाता जाता काकींना म्हटलं, “एवढं काय मनाला लावून घ्यायचं? खेळच तर आहे. आम्ही पोरंटोरं रडतो ते ठीक आहे.”

काकी नारळ खवत होत्या. त्यांनी खवणं थांबवलं नाही, पण त्यांचा आवाज बदलला.

“बसा हय,” म्हणाल्या. “तुमका कोणी सांगूक नाय, म्हणान सांगतंय. ह्येंका सांगू नकात मी सांगलंय म्हणान.”

मी बसलो.

नारळी पुनवेनंतरचे पहिले दिवस होते, असं त्या म्हणाल्या. तांडेलांच्या होडीवर सहा खलाशी. दुपारीच वारा फिरला आणि वावझड उठली. परत येताना खडपांच्या, म्हणजे पाण्यातल्या खडकांच्या बाजूला, लांबवर, एक छोटी होडी दिसली. यंत्र बंद पडलेलं. एक माणूस उभा राहून सदरा हलवत होता. तांडेलांच्या होडीतही पाणी भरत होतं, इंजिन गचके खात होतं. मागून आणखी एक होडी येत होती. ती घेईल त्यांना, असं तांडेलांना वाटलं.

“दर्याचो एक नेम आसा,” काकी म्हणाल्या. “कोणी हात हलवलो आणि तुमी बघलास, तर हात वर करूचो. पंजो दाखवचो. म्हंजे, बघलंय. एकदा हात वर केलो की मगे सोडून जावक येणा नाय, तुमची होडी बुडली तरी. ह्येंनी बघल्यानी. पण हात वर करूक नाय. सुकाणूवरसून हात काढूकच नाय.”

“आणि मागची होडी?”

“ती दुसऱ्या बंदराक गेली. तिका दिसलाच नाय.”

छोटी होडी खडपांवर फुटली. तिघं पोहून किनाऱ्याला लागले. चौथा आला नाही. सदरा हलवत होता तोच.

“गावात कोणाक म्हायत नाय. खलाशी तर ह्येंच्या पायार पडले, आमका सुखरूप हाडलंस म्हणान. सहा घरांत आजून ह्येंच्या नावान नारळ फुटता. आणि ह्ये दुसऱ्या वर्षी होडी इकून बसले. ढोपरां गेली म्हणतत.” त्यांनी खवलेला नारळ ताटलीत झाडला. “तुमच्या त्या खेळात तो पिवळो माणूस बघल्यापासून आठ-आठ दिवस माझ्याकडे एकच गजाल. ह्या खेळात रवाक येता गो. तेका दोर टाकूक येता.”

विहिरीवरून मी कळशी रिकामीच परत आणली. माझ्या लक्षात आलं की आपण सात वर्षं वाट बघितली ती वेळ घालवायला. या माणसाला तिथे पोचायचं होतं. एकदा, खोटा का होईना, तो माणूस पुन्हा समोर यायला हवा होता, आणि या वेळी थांबायचं होतं. मला स्वतःची लाज वाटली, आणि त्यांच्याबद्दल जे वाटलं त्याला माया हाच शब्द आहे.

त्यानंतर मी बदललो असं काही नाही. मी पूर्वीसारखाच जिंकायला खेळत होतो. फक्त कंपनीची पाटी आली की आता मी आधी खाली ओटीवर डोकावून तांडेल कुठे आहेत ते बघायचो.

शेवटी गेम आला. पाऊस ओसरल्यावर, भातं पिवळी व्हायला लागली तेव्हा. आमच्याकडच्या नेटवर तो उतरवायचा तर पुढचा पाऊस आला असता, म्हणून मी डिस्क मागवली होती. कणकवलीच्या कुरिअरवाल्याने शनिवारी ती मालवणला आणून दिली. दुपारी मी चहाच्या टपरीवर बसून ग्रुप उघडला. ज्यांना गेम आधी मिळाला होता ते रात्रंदिवस खेळून लिहीत होते. मी फक्त एकच गोष्ट शोधत होतो आणि ती सापडली. नाशिकच्या डॉक्टरने मलाच उद्देशून लिहिलं होतं: घाट आहे. निळी गाडी आहे, माणूसही आहे. पण नुसता देखावा आहे. थांबलं तरी काही होत नाही, कुठलंच बटण चालत नाही, तो नुसता हात हलवत राहतो. दोराचं काहीतरी त्यांनी करायला घेतलं होतं म्हणे, वेळ पुरला नाही म्हणून काढून टाकलं. काकांना तूच सांग, मला नाही जमणार.

मला तरी कुठे जमणार होतं. घरी पोचलो तर तांडेल ओटीवर वाट बघत उभे होते. दाढी केली होती. मी डिस्क त्यांच्या हातात दिली, त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली. उद्या सकाळी लावू, एवढंच म्हणालो.

रविवारी सकाळी माडीवर येताना ते नारळ घेऊन आले. मागून काकी आल्या. टीव्हीसमोर पाट मांडला, त्यावर नारळ ठेवला, आणि तांडेलांनी टोपी सारखी करून गाऱ्हाणं घातलं. होडी हंगामाच्या पहिल्या दिवशी पाण्यात लोटताना घालतात तसं, मोठ्या आवाजात, एकेका वाक्यावर थांबत.

“बा देवा म्हाराजा! आज ह्यो जो खेळ आमच्या घरात इलो हा, तो सुखरूप चलांदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” काकी म्हणाल्या.

“ह्या माज्या भाडेकऱ्यान सात वर्सां वाट बघल्यान, तेची वाट फळाक येवंदे रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा.”

“रस्त्यार जो कोण आडलो-नडलो आसात, तेका आमच्या हातान घराक पोचवन घी रे म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा,” मीही म्हणालो.

ते चटईवर बसले. मी त्यांना घाटाची शर्यत काढून दिली. खरं सांगायचं तर तो गेम अतिशय सुंदर होता. सात वर्षं वाट बघावी असाच होता. ओल्या रस्त्यावर आभाळ उतरलेलं दिसत होतं. तांडेलांनी आभाळाकडे बघितलं आणि पहिल्यांदाच कसलीही खोड काढली नाही. शर्यत सुटली, सात गाड्या गेल्या, हे त्यांच्या चालीने निघाले. पहिलं वळण, दुसरं, एक पूल, मग चढ. त्यांच्या हातांच्या शिरा वर आल्या होत्या. चौथ्या वळणावर निळी गाडी दिसली.

त्यांनी फार आधीच वेग सोडला होता. गाडी कुठलाही झटका न बसता निळ्या गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली, दोर बांधायला सोपं जावं अशी. मग त्यांनी कॅमेरा फिरवला. पिवळ्या रेनकोटातला माणूस पावसात उभा होता, डावा हात हलवत. तांडेलांनी एक बटण दाबलं. मग दुसरं. मग एकेक करून सगळी. माणूस हात हलवत राहिला.

“खंयचा बटन?” त्यांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

“तांडेल,” मी म्हणालो, “ते काढून टाकलंय त्यांनी. दोर नाहीच आहे. मला काल कळलं. सांगायचं धाडस झालं नाही.”

काकींनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली.

वर कोपऱ्यात शर्यतीचा वेळ पळत होता. पहिली गाडी पोचली, दुसरी पोचली, तशी नावं येत गेली.

“म्हंजे तेका ओढून हाडूक येवचा नाय.”

“नाही.”

“पन हय रवाक येता?”

“हो. थांबता येतं. वेळ संपेपर्यंत.”

“मगे रवतंय,” ते म्हणाले.

त्यांनी रिमोट चटईवर ठेवला, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर घेतली आणि बसून राहिले. पुढे माझी नांदगावला बदली झाली, तिथे मी हाच घाट पुष्कळदा चालवला आहे. त्या वळणावर एक सेकंदही थांबलं तर शर्यत हातची जाते, हे मला पक्कं ठाऊक आहे. पण त्या सकाळी आम्ही तिघं तिथे पूर्ण वेळ थांबलो होतो. टीव्हीत पाऊस पडत होता आणि तो माणूस हात हलवत होता, एका लयीत, न थकता.

मग तांडेलांनी उजवा हात उचलला. आधी थोडा, खांद्यापर्यंत. मग सरळ वर, पंजा उघडा.

“बघलंय रे,” ते टीव्हीकडे बघून म्हणाले. “तेवाच बघलंय.”

पडद्यावर शर्यत संपल्याची पाटी आली, त्याखाली आमचा नंबर आला, आठवा, शेवटचा. त्यांचा हात अजून वरच होता.